लेकीचं शिफारसपत्र

लेकीला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नर्सची जागा मिळत होती. इंग्रजीची परीक्षा झाली, मुलाखत झाली. अडलं ते शिफारसपत्रावर. तिचे मोठे डॉक्टर रोज म्हणायचे, "काल आशून." बंगालीत 'काल' म्हणजे कालही आणि उद्याही. तीन आठवडे तो उद्या उजाडेना.

माझा जीव राहीना. गणपतीत ओळख झालेल्या एका बड्या अधिकाऱ्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "मजकूर तुम्हीच टाइप करून आणा, मी सही करतो." मी आनंदानं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांनी मला कधी काम करताना पाहिलंय का?" झालं, दोन दिवस अबोला.

रविवारी तीच म्हणाली, "चल, श्रीरामपूरला जाऊ." हावड्याहून लोकल पकडली. हुगळीकाठच्या जुन्या कॉलेजसमोर उभं राहून तिनं मला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली.

पोस्टातले कारकून गोपाळराव जोशी यांनी १८७८ मध्ये वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं होतं : अमेरिकेत मला नोकरी आणि पत्नीला शिक्षण मिळेल का? ख्रिस्ती व्हा, मग मदत करू, असा उत्तराचा सूर होता. नोकरी काही मिळाली नाही. पण वाइल्डरनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला. न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये वाचला आणि ओळखदेख नसताना मदतीचा हात पुढे केला.

पुढे गोपाळरावांची बदली कोलकात्याला, मग श्रीरामपूरला झाली. आनंदीबाई परदेशी जाणार म्हणून लोक नावं ठेवू लागले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी १७ वर्षांच्या आनंदीबाई इथल्या सभेत उभ्या राहिल्या. मी अमेरिकेला का जाते, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, हेही बजावलं. ७ एप्रिलला कोलकात्याहून त्या बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानातली जागा आपणहून चालून आली. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या गेल्या.

"स्वतःसाठी त्या स्वतः बोलल्या, आई. मीही माझं पत्र स्वतःच मागते."

परतताना लोकलमध्ये तिनं अर्ज पुन्हा वाचला. डॉक्टरांचंच पत्र हवं, असं त्यात कुठंच नव्हतं. वॉर्डच्या सिस्टरचंही चालणार होतं. मोठ्या नावामागे आम्हीच धावत होतो.

सिस्टरनी दुसऱ्या दिवशी आठ ओळी लिहून दिल्या. रात्रपाळीत ही औषधं दोनदा तपासते. झोप न लागणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटपाशी बसून मोडक्या बंगालीत गप्पा मारते.

हे मला, तिच्या आईला, ठाऊक नव्हतं. पत्र मी दोनदा वाचलं. मग अधिकाऱ्यांना फोन केला. "आभारी आहे," म्हटलं, "आता सही नको."