बारा व्होल्ट आणि बाबांची अंगठी

मंडळी, ऑगस्ट आला की इथे २००६ च्या पुराच्या आठवणी निघतात. सगळ्या वाचतो मी. माझी आठवण मात्र पाण्याची कमी आणि एका बॅटरीची जास्त आहे. आजवर घराबाहेर सांगितली नव्हती, कारण चूक माझी होती.

तेव्हा आम्ही वेड रोडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. बाबा मूळचे अमळनेरकडचे, लूमच्या कारखान्यात मास्तर. मी बारावी सायन्सला, म्हणजे विजेतलं सगळं मलाच कळतं असा माझा समज. उकाईतून सोडलेलं तापीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा खालचे टेम्पोवाले काका धापा टाकत वर आले. टेम्पो हलवता आला नव्हता, पण बॅटरी तेवढी काढून आणली होती. लाईट कधीच गेली होती. काकांकडे टेम्पोचा एक जादा बल्ब निघाला, २१ वॉटचा. दोन वायरी जोडल्या आणि जिन्यात उजेड झाला. आजूबाजूची दहा-बारा माणसं त्या बल्बभोवती येऊन बसली.

दुसऱ्या रात्री बल्ब मिचमिच करायला लागला. धन बाजूचा क्लॅम्प ढिला झाला होता. बाबा पाना घेऊन बसले. आई म्हणाली, "अहो, अंगठी तरी काढा." त्यावर मी हसलो. सगळ्यांसमोर दोन्ही टर्मिनलवर दोन बोटं ठेवून दाखवली. "बारा व्होल्ट आहे आई, काही होत नाही." आणि खरंच काही झालं नाही. बाबा म्हणाले, "पोऱ्या सायन्सला आहे," आणि अंगठी बोटातच राहिली.

नट आवळताना पाना फिरला, बाबांचा हात ऋण टर्मिनलवर गेला आणि अंगठी दोघांच्या मध्ये सापडली. चर्रकन आवाज, निळी ठिणगी, आणि बाबांची किंकाळी. सेकंदभरही नसेल. बाबांनी हात झटकला, पण अंगठी बोटातच तापलेली.

त्यांना शॉक लागला नव्हता. माझं ते अर्धं वाक्य बरोबरच होतं. कोरड्या कातडीचा विरोध हजारो ओहम असतो, बारा व्होल्टच्या रेट्याने तिच्यातून नावापुरता प्रवाह जातो. म्हणून माझी बोटं वाचली. धातूचं तसं नाही. बल्बची बारीक तार प्रवाह अडवून धरते, म्हणून बॅटरीतून पावणेदोन अँपिअरच निघतात आणि तिच्यातली रासायनिक ऊर्जा तासन्‌तास पुरते. पाना आणि अंगठी यांनी दोन टोकं थेट जोडली की अडवणारं जवळजवळ काही उरत नाही. उरतो तो बॅटरीचा स्वतःचा आतला विरोध, आणि गाडीच्या बॅटरीत तो ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास, इंजिनाला झटका देता यावा म्हणून मुद्दामच कमी ठेवलेला. प्रवाह मग काही शे अँपिअरवर जातो. धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना धडकत जातात, अणू जोराने थरथरतात, आणि ती थरथर म्हणजेच उष्णता. ज्यूलने १८४१ मध्येच मांडलं होतं की ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह शंभरपट झाला तर त्याच तारेत उष्णता दहा हजारपट. बॅटरी आतूनही तापते. पण जिथे वाट अरुंद, धातू नुसता टेकलेला, तिथे सगळ्यात जास्त. आमच्याकडे ती जागा म्हणजे अंगठी.

हे सूत्र मला पाठ होतं बरं का. परीक्षेत मार्कही मिळाले असते. चार ग्रॅम सोनं शंभर अंशांनी तापवायला जेमतेम ५० ज्यूल लागतात, तेवढ्यात चमचाभर पाणी अडीच अंशांनीही तापत नाही. हा हिशोब मी नंतर केला, खूपदा केला.

त्या रात्री आईने हिशोब केला नाही. घरात पिण्याच्या पाण्याची एकच कळशी उरली होती. खाली पुराचं घाण पाणी, त्यात भाजलेला हात कसा घालणार? तिने कळशी उचलली आणि बाबांच्या बोटावर बारीक धार धरली. खाली परात, तेच पाणी वाटीने परत वर. कुणी काही बोललं नाही. टेम्पोवाल्या काकूंनी आपली अर्धी बाटली आणून परातीत ओतली.

बोट सुजत चाललं, अंगठी निघेना. काका म्हणाले, आता कापायलाच हवी. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून वायर कापायची पक्कड माझ्याकडे आली. टॉर्च आईच्या हातात. पहिल्यांदा पक्कड घसरली, कातडी सोलली गेली, बाबांनी ओठ घट्ट दाबून धरला. दुसऱ्यांदा सोनं तुटलं.

पहाटे मी गच्चीवर एकटा बसलो होतो. बाबा फडकं गुंडाळलेला हात धरून वर आले. मी माफी मागायच्या आत म्हणाले, "भो, मला एक सांग. पाणी धरणात होतं तेच ना? मग एवढं कसं झालं?" मी म्हटलं, "दरवाजे उघडले म्हणून." "हां," म्हणाले, "मग बॅटरीचंही तसंच असेल." थोडा वेळ आम्ही खालच्या पाण्याकडे बघत बसलो.

पाणी उतरल्यावर डॉक्टरकडे गेलो. बोट वाचलं, गोल डाग राहिला. अंगठी परत घडवायची म्हणून आईने ती चिंधीत बांधून हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवली. अजून तिथेच आहे. मागच्या दिवाळीत इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला मी पाना हातात घेतला, तर बाबांनी काही न बोलता माझ्यासमोर हाताचा तळवा पसरला. मी अंगठी काढून त्यावर ठेवली, मग घड्याळही.