पान न तोडता काढलेलं चित्र



गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एका चित्रावरून चार दिवस अबोला होता. आणि ते चित्र तेव्हा काढलंही नव्हतं!

माझी लेक चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत करायला प्रकल्प मिळाला होता: निसर्गातल्या घटकांवरून अमूर्त चित्र. तिनं लगेच यादी केली. पिंपळाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, शेवाळ, झाडाची साल. पानांना रंग लावून ठसे घ्यायचे, पाकळ्या कॅनव्हासवर चिकटवायच्या. सासूबाईंनी यादी ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, "चित्रासाठी झाडाला हात लावायचा नाही."

"आज्जी, मग निसर्ग आणू कुठून?" लेक चिडली.

खरं सांगते, मनातून मी लेकीच्या बाजूची होते. मार्कांचा प्रश्न होता. "दोन-चार पानांनी काय होतंय, आई," असं मी बोलूनही गेले. त्या रात्री आई न बोलता जेवून उठल्या.

शेवटी मीच तोडगा काढला. रविवारी तिघींनी बारवी धरणाकडे जायचं. काही तोडायचं नाही, नुसतं बघायचं. आम्ही उल्हासनगरला राहतो. बारवीचं पाणी नदीत सोडतात, पुढे उल्हास नदीतून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग ते आमच्या नळाला येतं. इतकी वर्षं ते पाणी प्यायलो, धरण मात्र कधी पाहिलं नव्हतं.

बदलापूरहून रिक्षा केली. भिंतीकडे न जाता, जिथून जलाशय दिसतो तिथे थांबलो. मे महिना, पाणी खूप खाली गेलेलं. आणि काठावर एकाखाली एक पट्टे! अगदी वर झाडीची रेघ, तिच्याखाली तांबडा मुरूम, मग भेगाळलेली फिकट माती, मग राखाडी, आणि पाण्याला टेकलेला काळपट ओला चिखल. पाणी जसजसं उतरत गेलं तसतशी एकेक रेघ मागे सोडत गेलं होतं. मध्येच वाळलेले बुंधे उभे होते. शेळ्या घेऊन आलेल्या एका बाई म्हणाल्या, "तिकडं खाली गावं होती."

हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. त्याची उंची वाढवून 72.60 मीटर केली आणि 2019 च्या पावसात पाणी त्या वाढीव पातळीपर्यंत चढलं. तोंडली, काचकोली यांसारख्या गावांतल्या लोकांना घरं सोडावी लागली. आम्ही तोटी सोडतो तेव्हा यातलं काही आठवत नाही.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या नळाचा आड हा होय!"

त्यांचं माहेर सांगलीकडचं. लहानपणी आडाचं पाणी गाळून झालं की गाळण्यावरची जिवाणी पुन्हा त्याच आडात अलगद सोडायची, ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात, ही त्यांच्या घरची रीत. लग्न होऊन उल्हासनगरला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं म्हणे, "नळाची जिवाणी कुठं सोडायची?" तेव्हा सगळे हसले होते. त्या दिवशी काठावर त्यांनी हात जोडले, तेव्हा आमच्यातलं कुणीच हसलं नाही.

लेक वहीत नुसत्या रेघा ओढत होती. एकदम म्हणाली, "मम्मी, हे पट्टे म्हणजे आपण वापरलेलं पाणी ना?" मी म्हटलं, "कारखान्यांनी वापरलेलं, उन्हानं उडालेलं, सगळ्या शहरांचं. आणि आपल्या बादल्यांचंही."

निघताना आईंनीच तिला रस्त्यावरची, माणसांच्या पायांनी आणि चाकांनी तुडवलेली चिमूटभर धूळ उचलायला सांगितली. "खणायची नाही. ही चालेल."

घरी आल्यावर पहिलं चित्र झालं ते डोंगर, भिंत, झाडं असं साधं निसर्गचित्र. मग तिनं मला वासुदेव गायतोंडे यांची चित्रं दाखवली. 1924 साली नागपुरात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले मोठे चित्रकार. ते रोलरनं आणि पट्टीसारख्या सुरीनं रंगांचे थर देत, खरवडत. त्यांच्या चित्रात ओळखीची वस्तू शोधून सापडत नाही, तरी आपण बघत राहतो. लेक म्हणाली, "अमूर्त म्हणजे एकेक काढून टाकत जायचं." तिनं डोंगर काढले, भिंत काढली, झाडं काढली. पट्टे तेवढे उरले. जुन्या प्लास्टिक कार्डानं रंग खरवडून तिनं ते केले, तांबड्या पट्ट्यात ती धूळ मिसळली.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. आईंनी विचारलं, "या ब्रशाचे केस कुणाचे?" चौकशी केली तर काही ब्रश डुकराच्या, खारीच्या केसांचे निघतात. 'आयव्हरी ब्लॅक' नावाचा काळा हाडं जाळून करतात आणि 'कार्माइन' हा लाल किड्यांपासून. घरात मुलं चित्रं काढत असतील तर नायलॉनचे ब्रश घ्या, आणि काळा हवा असेल तर लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला 'मार्स ब्लॅक' मिळतो.

चित्र पूर्ण झालं तेव्हा आईंनी लेकीला लेश्यांची गोष्ट सांगितली. फळांनी लगडलेलं झाड, सहा भुकेले वाटसरू. एकाला झाड मुळापासून तोडायचं असतं, दुसऱ्याला खोड, मग कुणाला फांद्या, कुणाला घोस, कुणाला फक्त पिकलेली फळं. सहावा खाली पडलेलं उचलून खातो. त्याची शुक्ल लेश्या.

"म्हणजे मी शुक्ल?" लेकीनं विचारलं.

"चार दिवस अबोला धरलास ना? अजून कापोतातच आहेस," आई म्हणाल्या. "आणि मीसुद्धा."

मला त्यांनी कुठल्या लेश्येत धरलं ते मी विचारलं नाही. दोन-चार पानांचं मीच बोलले होते.

मार्क बरे पडले. चित्र आता स्वयंपाकघरात, माठाच्या वर लावलंय. रोज सकाळी तोटीला गाळणं बांधताना नजर तिकडे जाते, आणि बादली भरायच्या आधी हात आपोआप तोटीकडे जातो.