ग्वाल्हेरहून आलेला फोन

ग्वाल्हेर म्हटलं की आम्हा गोंयकारांना गाणं आठवतं, तानसेनाच्या समाधीजवळची चिंच आठवते. मला आता तिथं शिकणारा आमच्या शेजाऱ्यांचा पोरगा आठवतो. नशेची सुई, तिच्यातून रक्तात शिरलेले जंतू आणि एकाच कुशीवर बेशुद्धीत गेलेली रात्र. स्नायू विरघळले, त्यांतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकलं, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. १९४१ साली लंडनच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांत बायवॉटर्स आणि बील यांनी हेच नोंदवलं होतं. सलाईन, अँटिबायोटिक आणि डायलिसिसवर पोरगा वाचला. सोबतचे मित्र मात्र पोलिसांच्या भीतीने सकाळपर्यंत गप्प होते. ही भीती आपल्या किनाऱ्यावरही आहेच. मुलांना उपदेश जरूर करा. पण 'आधी १०८ला फोन कर, रागावणं मागाहून' हेही सांगून ठेवा.