दागिना मोडण्यापूर्वी

सोनें विकत घेतांना आपण चार दुकानें हिंडतों, जाणत्यांचा सल्ला घेतों आणि मुहूर्तही पाहतों. तेंच सोनें विकण्याची वेळ आली कीं मात्र तिन्हीसांजा झाल्यावर, पिशवींत लपवून, ओळखीचें कोणी भेटूं नये असें मनांत म्हणत पहिल्याच दुकानाची पायरी चढतों आणि समोरचा देईल तें घेऊन खालीं उतरतों. दागिना मोडणें म्हणजे घराची अब्रू मोडणें, ही आपली जुनी समजूत. या समजुतीपायीं किती ग्रॅम सोनें गमवावें लागतें, हें मीं एकदां प्रत्यक्ष मोजून पाहिलें आहे.

माझे थोरले बंधु वारल्यानंतर पुतणीच्या महाविद्यालयाची फी भरण्याकरितां वहिनींनीं आपल्या माहेरच्या पाटल्या मोडण्याचें ठरविलें. कोणाचे पैसे घेणाऱ्या त्या नव्हेत. "भावोजी, कोणाला कळूं न देतां एवढें काम करा," असें त्या म्हणाल्या. मीं सांगितलें, "काम अवश्य करूं, परंतु आधीं घरीं बसून हिशेब करूं, आणि दुकानांत आपण दोघेंही जाऊं."

पहिला प्रश्न वजनाचा. वहिनींच्या आईच्या वहींत 'पाटल्या, चार तोळे' अशी नोंद होती. हा जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. हल्लीं बाजारांत बोलतांना दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जुने चार तोळे म्हणजे सुमारें ४६.६६ ग्रॅम, नव्या बोलींतले अवघे ४०. वहिनी चाळीसच धरून बसल्या होत्या. काट्यावर पाटल्या ४५ ग्रॅम भरल्या. बाकीचें वर्षानुवर्षांच्या वापरांत झिजलें असावें. कोल्हापुरी साजासारखा दागिना असता, तर आंतील लाख, खडे, मोती यांचें वजन वजा करावें लागलें असतें.

दुसरा प्रश्न कसाचा. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोनें. बावीस कॅरेटमध्यें चोवीस भागांपैकीं बावीस भाग सोनें असतें, म्हणून त्यावर ९१६ हा अंक असतो. अठरा कॅरेटवर ७५०. हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें आली. आजीच्या दागिन्यावर तो ठसा कोठून असणार? अशा वेळीं मान्यताप्राप्त तपासणी केंद्रांत शुल्क भरून कस लिहून घ्यावा. क्ष-किरणांचें यंत्र मुख्यतः वरच्या थराचा कस सांगतें; सांध्यांत वापरलेली हलकी धातु त्याला दिसेलच असें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. आमच्या पाटल्या बावीस कॅरेटच्या ठरल्या. पंचेचाळिसास बावीसनें गुणून चोवीसनें भागलें. शुद्ध सोनें ४१.२५ ग्रॅम.

तिसरा प्रश्न भावाचा. शुद्ध वजनाला त्या दिवसाचा चोवीस कॅरेटचा भाव लावावा, अथवा एकूण वजनाला बावीस कॅरेटचा. दोन्ही रीतींनीं उत्तर जवळजवळ एकच येतें. पहिल्या दुकानांत मात्र ४५ चे ४१.२५ करून त्यावर पुन्हां बावीस कॅरेटचा भाव लावण्यांत आला. कस दोनदां वजा! त्यांत जवळजवळ साडेतीन ग्रॅम शुद्ध सोनें नाहींसें होत होतें. वहिनींनीं शांतपणें आपला कागद पुढें सरकविला. "नजरचूक झाली," असें उत्तर आलें. पण आम्ही उठलों होतों. दुसऱ्या दुकानांत घट किती धरणार, हें वहिनींनीं आधींच विचारलें व पावती स्वतःच्या नांवानें घेतली.

घडणावळ आणि खरेदीच्या वेळीं भरलेला कर परत मिळत नाहींत. त्याबद्दल वाद घालण्यांत अर्थ नाहीं. मोबदल्यांत नवा दागिना घेतल्यास घट कमी आणि रोख रक्कम घेतल्यास अधिक, अशीही पुष्कळ ठिकाणीं रीत आहे. तेंही आधींच विचारावें.

परत येतांना वहिनी म्हणाल्या, "आई म्हणायची, हें अडीअडचणीसाठीं. अडचणीला उपयोगी पडलें, मग लाज कशाची?" मला वाटतें, प्रत्येक घरांत दागिना, वजन, कस आणि खड्यांचें वजन लिहिलेला एक कागद असावा, आणि ज्या स्त्रीचा तो दागिना, तिच्याच हातीं तो असावा. विकण्याची वेळ कधींच न येवो. पण आलीच, तर ती भरदिवसां यावी.