सामान्य आणि विशेष

‘सामान्यज्ञान’ हा शब्द आपण इंग्रजीवरून बेतला आणि शाळेच्या दप्तरात टाकला, तेव्हा आपल्याच दर्शनांत ‘सामान्य’ या शब्दाला केवढे वजन होते याचे भान कोणास राहिले नसावे. वैशेषिकांच्या गणनेत सामान्य आणि विशेष हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. अनेक गायींत जे एक असते ते गोत्व, ते सामान्य. या अर्थाने सामान्यज्ञानाच्या पुस्तिका पाहू लागलो की गंमत दिसते. तेथे सामान्य असे काहीच नसते. पहिला चित्रपट, पहिली कादंबरी, सर्वांत उंच शिखर, अमुक शब्दाचे मूळ : सारे विशेषच. (संज्ञांचा वापर मी किंचित सैल करतो आहे, हे दर्शनांचे अभ्यासक ओळखतीलच.)

या पुस्तिकांविषयी माझ्या मनात तुच्छता मात्र नाही. मराठी घरात वाढलेल्या मला ‘इंदुलेखा’ हे नाव प्रथम भेटले ते ग्रंथालयात नव्हे, अशाच एका पातळ पुस्तिकेत. आणि मल्याळम नावाच्या भाषेत कादंबऱ्या लिहिल्या जातात हे कळण्याचे दुसरे साधन त्या वयात मजजवळ नव्हते. भारतीय साहित्य एक आहे की अनेक, हा आपल्या परिसंवादांतील आवडता वाद. त्या पुस्तिकेने तो वाद न घालताच चौदा भाषांना एका पानावर बसविले होते.

अडचण येते ती उत्तराशी गुण बांधले जातात तेव्हा. मराठी मुलखापासून दूरच्या एका विद्यापीठात अभ्यागत म्हणून असताना तौलनिक साहित्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी प्रश्न काढण्याचे काम मजकडे आले. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांतील एकच बरोबर, तपासणी यंत्राकडे. एका गुणाच्या फरकाने कोणास वसतिगृहात खोली मिळते आणि कोणास परतीचे तिकीट काढावे लागते, हे ठाऊक असलेल्या माणसाने ‘पहिली कादंबरी कोणती?’ हा प्रश्न निर्धास्तपणे कसा लिहावा?

मल्याळमचेच घ्या. अप्पू नेडुंगाडी यांची ‘कुंदलता’ १८८७ ची, चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ १८८९ ची. तरीही मान ‘इंदुलेखे’कडे जातो, कारण तेथील समीक्षक तिला ‘लक्षणांनी परिपूर्ण अशी पहिली’ म्हणतात. बंगालीत हॅना कॅथरीन म्युलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाई जन्माने कलकत्त्याच्याच, परंतु वडील स्विस मिशनरी आणि पुस्तकाचा हेतू धर्मोपदेशाचा, म्हणून पुष्कळजण प्यारीचाँद मित्रांच्या ‘आलालेर घरेर दुलाल’पासून आरंभ करतात, तर काही थेट बंकिमचंद्रांच्या ‘दुर्गेशनंदिनी’पर्यंत, म्हणजे १८६५ पर्यंत, थांबून राहतात. आपण मराठी मंडळी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ला, १८५७ च्या आणि तितक्याच उघड धर्महेतूच्या पुस्तकाला, पहिलेपण देऊन मोकळे होतो. बंगालीत जो हेतू पहिलेपणाच्या आड येतो, तो मराठीत येत नाही. हा फरक का पडला, हा खरा तौलनिक प्रश्न. आणि चार पर्यायांत तो मावत नाही.

चित्रपटाचेही तेच. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात १८ मे १९१२ रोजी झळकला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी. ‘पुंडलिक’ वगळावयाचा तो का, तर ते नाटकाचे चित्रण होते, कॅमेऱ्यामागे इंग्रज तंत्रज्ञ होता आणि फीत संस्कारासाठी लंडनला गेली होती. कारणे वजनदार आहेत. पण फाळक्यांचा कॅमेराही लंडनहूनच आला होता! ‘पहिला’ या विशेषणाच्या पोटात दुसरे विशेषण दडलेले असते, आणि ते दुसरे विशेषण म्हणजे समीक्षा होय. यंत्र गुण देते ते समीक्षेला, तारखेला नव्हे. विद्यार्थ्यास मात्र आपण तारखेत चुकलो असे वाटत राहते.

शिखरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. भारतातील सर्वांत उंच शिखर म्हणून पूर्वी नंदादेवीचे नाव घेत. १९७५ साली सिक्कीम भारतात आले आणि कांचनगंगा पुढे झाले. पाकव्याप्त काश्मीर हिशेबात धरणारे के-टू म्हणतात. डोंगर आपल्या जागीच आहेत.

मला सर्वाधिक प्रिय असलेला विशेष म्हणजे १९३१ चा ‘कालिदास’. पहिला तमिळ बोलपट म्हणून तो सर्वत्र नोंदला आहे. निर्मिती मुंबईची, आर्देशीर इराणींच्या संस्थेची; दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. पडद्यावर नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळमधून बोले आणि नायक तेलुगूतून उत्तर देई. प्रेक्षकांनी ते चालवून घेतले. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, राणी प्राकृत बोलते आणि दोघांचे बिनसत नाही. त्या कालिदासाच्या नावाच्या चित्रपटात याहून निराळे काय घडावयाचे होते? हा चित्रपट कोणत्या भाषेचा, असा प्रश्न मी समितीपुढे ठेवला. एक उत्तर हवे, एवढेच मला सांगण्यात आले, आणि समितीचे तिच्यापुरते बरोबरच होते.

तो प्रश्न मग मी वर्गात नेला, आणि त्यासोबत ‘बंगला’ हा शब्दही. हा शब्द कोणाचा? मूळ बंगालचा, त्या प्रांताच्या पद्धतीच्या घराचा, याविषयी वाद नाही. वाकलेल्या वळचणीचे ते बांबूचे छप्पर शाहजहानच्या काळात संगमरवरात उतरले. लाहोरच्या किल्ल्यातील नौलखा मंडप पाहावा. इंग्रजांनी शब्द उचलून स्वदेशी नेला आणि तेथे तो बैठ्या, एकमजली घराचा वाचक झाला. मराठीत बंगल्याला मजले किती याला महत्त्व नाही. भोवती आवार आणि फाटकावर नावाची पाटी हवी. हे सांगत असता एक बंगाली विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आम्ही ‘बांग्लो’ म्हणतो. तो शब्द आम्हांला इंग्रजीकडून आला.” पाठोपाठ तिनेच बिष्णुपूरच्या १६५५ च्या जोड-बांगला देवळाची आठवण दिली : दोन झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या कराव्यात तशी त्याची विटांची छपरे. म्हणजे घर सोडून गेलेला शब्द परका होऊन परतला, आणि जो मूळचा होता तो देवळाच्या छपरावर राहिला. फळ्यावर मी चार पर्याय लिहिले होते, मराठी, बंगाली, गुजराती, इंग्रजी. तासाच्या शेवटी कोणीतरी त्यांपुढे फारसी हा पाचवा जोडला, आणि तो का जोडला हे विचारण्यापूर्वीच घंटा झाली.