लाल तिळांचा हिशेब

परवा आरशासमोर उभी असताना गळ्याखालचे लाल ठिपके मोजले. चांगले सात भरले! मनात नको ती शंका आली.

घराजवळच्या एका स्किन क्लिनिकमध्ये विचारले. "लेसरने जातील. एका ठिपक्याचे दीड हजार रुपये," काउंटरवरची मुलगी म्हणाली. म्हणजे साडेदहा हजार! धाकट्याच्या शाळेच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आठवले.

म्हटले, आधी महापालिकेच्या रुग्णालयात दाखवू. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, "हे चेरी अँजिओमा. बारीक रक्तवाहिन्यांचे पुंजके. तिशीनंतर पुष्कळांना येतात, वयाबरोबर वाढतात. उपचारांची गरज नाही. लेसर केवळ दिसण्यासाठी. विमा कंपनी त्याचे पैसे सहसा देत नाही. सावळ्या त्वचेवर कधीकधी काळा डाग राहतो, शिवाय नवे ठिपके येतातच. एखाददुसरा काढायचाच असेल, तर विजेच्या सुईने जाळणे बहुधा स्वस्त पडते. मात्र रंग, आकार बदलला किंवा रक्त येऊ लागले, तर लगेच या."

घरी आईला सांगितले. तिने पदर सारून पाठ दाखवली. "अगं, हे लाल तीळ! तुझ्या आजीलाही होते."

फी वेळेवर भरली. ठिपके आहेत तिथेच आहेत.