सव्वा तासाचं माहेर

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं आहुपे. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. गावाबाहेर कड्याशी उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. तिथंच पायथ्याला खोपिवली. माझ्या आक्काला तिथं दिलीय. रात्री तिच्या गावाकडचे दिवे दिसतात, पण गाडीने जायचं म्हटलं तर डिंभे, घोडेगाव, जुन्नर, माळशेज, मुरबाड असा वळसा. दिवस मोडतो. म्हणून आक्का अजूनही घाटाने चालतच वर येते.

मला दिलं जळगावला. तिथून पुणं रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रात्रभर बस. 2024 साली जळगाव-पुणे विमान सुरू झालं तेव्हा मला कोण आनंद! सरळ रेषेत सुमारे 320 किलोमीटर, वेळ सव्वा तास. आमचे हे म्हणाले, "आता माहेर जवळ आलं हो तुझं!"

त्याच वर्षी दिवाळी झाली नि एका सकाळी भावाचा फोन आला. "बाबांचं काही खरं नाही. निघ." आक्कालाही त्यानेच कळवलं होतं. विमान काही रोज नसायचं, पण त्या दिवशी नेमकं होतं. ह्यांनी लगेच तिकीट काढलं. मनात म्हटलं, दिवेलागणीला बाबांजवळ असेन.

आता हिशेब ऐका. विमान पावणेचारचं, पण घरून एकलाच निघाले. सामान घेणारी खिडकी तासभर आधी बंद होते ना! मग झडती. आईसाठी घेतलेला अडकित्ता हातातल्या पिशवीत होता, तो काढून घेतला. (असली वस्तू मोठ्या बॅगेत घालावी, हे मला कुठलं ठाऊक!) विमान पंख्याचं, सत्तरेक माणसांचं. ताशी पाचशे किलोमीटर जातं म्हणे, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, पुन्हा उतरणं यातही बराच वेळ जातो. पुण्याला पाच वाजले. सामान, रिक्षा, मग नाशिक रस्ता. चाकणला गाड्यांची ही रांग. मंचरला पोचले तेव्हा साडेनऊ झालेले. घोडेगावहून वर जाणारी मुक्कामाची एसटी केव्हाच गेली होती. मावसबहिणीकडे रात्र काढली, आणि तिच्याच दारात कळलं.

बाबा दुपारी तीनला गेले. मी तेव्हा जळगावच्या विमानतळावर खुर्चीत बसून घड्याळ बघत होते.

आक्का सकाळी सातला खोपिवलीहून निघाली, अकराच्या आत दारात. पंचावन्न वर्षांची बाई, सगळा घाट एकटीने चढली. बाबांनी तिला ओळखलं. चमच्याने पेज घेतली तिच्या हातून. माझं नाव काढलं म्हणे, तर ती म्हणाली, "निघालीय, इमानानं येतीय." त्यावर हसले.

मी दुसऱ्या दिवशी दहाला जीपने पोचले. संध्याकाळीच सगळं उरकलं होतं. आई भिंतीला टेकून बसलेली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "इमानाला किती येळ लागला गं?"

"सव्वा तास," मी म्हटलं.

तेरावं करून निघाले तेव्हा आईने नातवंडाच्या घुटीसाठी बाळहिरड्याची पुरचुंडी दिली. आक्का घाटाच्या तोंडाशी वळली. मी रात्रीच्या बसने जळगावला आले.